कोरडवाहू फुलोरा

(सोलापुरात एका स्मृती व्याख्यानमालेत, मार्गशीर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी विषय काय छापायचा, असं संयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, "फुलं." पलीकडून लगेच प्रश्न आला, "म्हणजे कास पठार का बाई?" त्यात त्यांची चूक नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि तेव्हापासून भाद्रपद लागला की आपल्याकडच्याही गाड्या साताऱ्याच्या वाटेला लागतात. मीही जाऊन आले आहे. ती जांभळी जमीन पाहून माझेही डोळे भरून आले. पण फुलं बघायची तर जिल्हा सोडावा लागतो, सोलापूर म्हणजे ऊन, धूळ आणि बाभळी, ही समजूत आपण इतकी घट्ट धरून बसलो आहोत की दाराशी आलेलं फूलही आपल्याला ओळखू येत नाही. ज्यांच्या स्मृतीसाठी आज आपण जमलो आहोत त्या सरांना ही समजूत कधीच पटली नाही. मला आज तिच्याशीच भांडायचं आहे.

सर आम्हाला आठवीला विज्ञान शिकवायचे. मोहोळ तालुक्यातली पत्र्याची शाळा. डिसेंबरातल्या एका सकाळी ते वर्गात आले ते ज्वारीचं एक ताट हातात घेऊन. मुळासकट उपटलेलं, शेंड्याला हिरवं कणीस.

"फूल कुठंय यात?"

सगळा वर्ग हसला. ज्वारीला कुठं फूल असतं? शेतकऱ्यांचीच पोरं होतो आम्ही, कणीस आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. सर हसले नाहीत. ते ताट त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घरी वडिलांना विचार, ज्वारी फुलोऱ्यात आली म्हणजे नेमकं काय झालं."

वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "फुलोरा तो फुलोरा. पहाटं रानात जा, दिसंल."

मी गेले नाही. थंडी होती, आणि मला ते खरंही वाटलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाबद्दल या सभागृहातल्या ज्येष्ठांना मी काय सांगावं. खडी फोडलेले हात अजून इथे आहेत, सुकडीची चव लक्षात असलेली माणसं आहेत. मला आठवतं ते आमचं रान. ज्वारी उगवली, गुडघ्याला लागली, पोटरीत आली आणि तिथेच थांबली. पोटरी म्हणजे शेवटच्या पानाच्या आवरणात कणीस भरतं ती अवस्था. गाभण जनावराला जसं जपतात तसं पोटरीतल्या ज्वारीला जपायचं असतं. तेव्हा जमिनीत ओल हवी, म्हणजे कणीस आवरण फाडून वर येतं; त्याला आपण निसवणं म्हणतो. त्या वर्षी ज्वारी निसवलीच नाही. वडिलांनी एक पोटरी नखानं सोलली. आत बोटभर कणीस होतं, फिक्कट, चिकटलेलं, अर्धवट. ते त्यांनी तळहातावर धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. "फुलली न्हाई," एवढंच म्हणाले.

फूल या शब्दाला केवढं वजन आहे, ते मला त्या दिवशी कळलं. त्या वर्षी रेशनवर तांबडी मिलो आली. परदेशातून जहाजानं आलेली. भाकरी थापताना मोडायची. कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचलं की मिलो ही ज्वारीचीच बहीण. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आपली मालदांडी ज्वारी आणि ती तांबडी मिलो एकाच जातीच्या. आमच्या रानात फुलोरा आला नाही, म्हणून समुद्रापलीकडचा फुलोरा दळून आम्ही जगलो.

तो फुलोरा मी डोळ्यांनी पाहिला तो नोकरीला लागल्यावर. सुट्टीत गावी गेले होते, सर निवृत्त झाले होते. त्यांनीच पहाटे तीनला दार वाजवलं. हातात बॅटरी आणि माझ्यासाठी एक भिंग. बांधावरून जाताना पायाला दव लागत होतं. एका कणसापाशी थांबून त्यांनी बॅटरी धरली.

ज्वारीच्या कणसात लहान लहान कणिशकं जोडीनं बसलेली असतात. एक बिनदेठाचं, एक देठाचं. दाणा धरतो तो बिनदेठाच्या कणिशकात. भिंगातून पाहिलं तर त्याची दोन टणक आवरणं बंद शिंपल्यासारखी दिसत होती. आत तळाशी दोन सूक्ष्म खवले असतात. ते पाणी पिऊन फुगतात आणि आवरणांना आतून रेटतात. माझ्या डोळ्यांसमोर एक शिंपला उघडला. काही मिनिटांचंच काम. आधी दोन पांढुरके तुरे बाहेर आले, मोराच्या पिसाच्या टोकासारखे, पण इतके बारीक की श्वास लागला तरी हलत होते. त्या स्त्रीकेसराच्या कुक्षी. मग तीन परागकोश आले, दोऱ्यासारख्या तंतूंवर. तंतू लांबत गेले आणि कोश उलटे होऊन खाली लोंबू लागले, पिवळी झुंबरं टांगावीत तसे. एकीकडे दुसरा शिंपला उघडत होता, पलीकडे तिसरा. अख्खं रान अंधारात असं उघडत होतं आणि आवाज कसलाच नव्हता.

तांबडं फुटल्यावर वारा सुटला. परागकोश वाळले, टोकाशी उघडले आणि सरांनी एका धाटाला हळूच टिचकी मारली. बॅटरीच्या उजेडात पिवळसर धूर उडाला. एका कणसातून असे कोट्यवधी परागकण उडतात. त्यातला बहुतेक भाग त्याच कणसाच्या फुलांवर पडतो, थोडा शेजारणीवर. तास-दीड तासात आवरणं पुन्हा मिटतात, रिकामे कोश तेवढे बाहेर लोंबत राहतात. आपण दिवसा शेतात जातो तेव्हा फक्त हे उरलेलं दिसतं आणि आपण म्हणतो, ज्वारीला फूल नसतं.

याला रंग का नाही, वास का नाही, मध का नाही? कारण ज्वारीला कुणाला बोलवायचंच नाही. रंग आणि वास ही आमंत्रणं आहेत, कीटकांसाठी, पाखरांसाठी. वाऱ्याला आमंत्रण लागत नाही. तो पाकळ्यांवरचा सगळा खर्च ज्वारी वाचवते आणि परागात घालते. सगळ्या गवतांनी हाच मार्ग धरला: गहू, भात, बाजरी, ऊस, बांबू, आणि आपल्या नान्नजच्या माळरानावरची कुसळीसुद्धा. माणसाचं पोट जगभर ज्या फुलांवर भरतं, ती बहुतेक या बिनपाकळ्यांच्या घराण्यातली आहेत.

हा फुलोरा वरून खाली उतरतो. पहिल्या रात्री शेंड्याची फुलं, दुसऱ्या रात्री त्याखालची, असं आठवडाभर चालतं. त्यामुळे कणसावर परागकोशांचा एक पिवळा पट्टा दिसतो आणि तो रोज बोट-दीड बोट खाली सरकतो. माझ्या वडिलांना हा पट्टा पाहून हुरडा किती दिवसांनी पडेल ते सांगता यायचं. दाण्यात आधी दुधासारखा चीक, मग हुरडा आणि मग तो भाजायला आगटी. गड्ड्याच्या यात्रेला येणारे पाहुणे हुरडा मागतात तेव्हा त्या पट्ट्याचा हिशेब केव्हाच होऊन गेलेला असतो.

आपल्या भाषेकडेही जरा बघा. आंब्याला मोहोर, उसाला तुरा, कापसाला पाती, डाळिंबाला कळी, ज्वारीला फुलोरा, बागेला बहर. प्रत्येकाच्या फुलण्याला मराठी शेतकऱ्यानं वेगळा शब्द ठेवला, कारण प्रत्येकाचं फुलणं त्यानं वेगळं पाहिलं होतं. 'फूल' हा शब्द मात्र देवाला आणि वेणीला राखून ठेवला. म्हणून आम्ही पोरं वर्गात हसलो.

आता ज्वारीला हे कसं कळतं की फुलायची वेळ झाली? हस्ताच्या सुमाराला पेरलेली रब्बी ज्वारी मार्गशीर्षात निसवते. पेरणीत पंधरा दिवस मागं-पुढं झालं तरी निसवण्यात तेवढं अंतर पडत नाही. याचं उत्तर १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी तंबाखूच्या झाडांवर शोधलं: झाडं दिवसाची लांबी ओळखतात. पुढे कळलं की ती खरं तर रात्र मोजतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी मोजणी मोडते. शेवंतीचं फूल लांबवायला बागायतदार पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात ते त्यासाठीच. ज्वारी लांब रात्रीची. संक्रांतीकडे जाणाऱ्या रात्री तिच्या पानांना कळतात. पण फुलायचं असतं शेंड्याला. पानाकडून शेंड्याला निरोप जातो, असं चैलाखियान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात मांडलं आणि त्या निरोपाला फ्लोरिजेन हे नाव दिलं. तो निरोप म्हणजे एक प्रथिन आहे, हे २००७ साली सिद्ध झालं. सत्तर वर्षं लागली. माझ्या वडिलांना यांतल्या कुणाचंच नाव माहीत नव्हतं, पण हस्त चुकला तर काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. ती आपल्याकडे आली आणि इथल्या काळ्या रानात इतकी मुरली की मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही शेतात उभा आहे. तोवर जगात किती वाण आले आणि गेले! १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, आपण जिला हायब्रीड म्हणतो. तिची करामतही फुलातच आहे: मादी ओळीतल्या फुलांना परागच नसतो, शेजारच्या नर ओळीतून वाऱ्यानं आला तरच दाणा भरतो. खरिपात हायब्रीडनं कोठारं भरली. रब्बीत मात्र, पाऊस संपल्यावर फक्त जमिनीतल्या ओलीवर फुलायची वेळ येते, तिथं मालदांडीला हटवणं कुणाला जमलेलं नाही.

ओल कमी, तरी फुलणं. इथं मला डाळिंबावर यावं लागतं, कारण डाळिंबाच्या बागेत हेच माणूस हातानं घडवतो.

सांगोल्याकडच्या कुणाही बागायतदाराला विचारा, बहर कसा धरतात? तो पहिला शब्द उच्चारेल, ताण. मृग, हस्त, आंबे, बहर कुठलाही असो. त्याआधी बागेचं पाणी तोडायचं. महिना-दीड महिना झाडाला तहानलेलं ठेवायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. बाकीची पाडायला इथ्रेल फवारतात. हलकी छाटणी करतात. नवखा माणूस त्या बागेत गेला तर म्हणेल, बाग मेली. झाडाची वाढ थांबलेली असते आणि त्यानं केलेलं अन्न फांद्यांत साठत जातं. मग खत देऊन पहिलं पाणी सोडायचं. तीन-चार आठवड्यांत त्या उघड्या काड्यांवर कळ्या लागतात, शेंदरी-लाल, जाड सालीच्या, मेणातून कोरल्यासारख्या. भारी काळ्या रानात पाणी लवकर हटत नाही, ताण बसत नाही. मुरमाड, हलकी, कुणाला नको असलेली जमीन डाळिंबाला मानवते ती यामुळे. ज्या रानाला आपण फुफाटा म्हणून नाक मुरडत होतो, त्याच रानानं सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरातच, केगावला स्थापन झालं, तेही उगाच नव्हे.

डाळिंबाच्या झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. एक घंटेसारखं, तळाशी निमुळतं; ते गळून जातं. दुसरं कलशासारखं, तळाशी फुगीर. त्याचं फळ होतं. शेतकरी त्यांना नर कळी आणि मादी कळी म्हणतो. शास्त्र सांगतं की कलशाच्या फुलात दोन्ही असतात, पण बागेत उभं राहून कुणाची भाषा कामाची, हे मला सांगायला नको. माझी मावशी रोज सकाळी झाडाखाली गळालेल्या कळ्या गोळा करून त्यात कलश किती आणि घंटा किती ते मोजायची. घंटा गळाल्या तर तिला काही वाटायचं नाही. कलश गळाले की दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं.

तहानेतून फुलणं ही केवळ आपली गोष्ट नाही. चिलीतलं अटाकामा हे जगातल्या सगळ्यांत कोरड्या वाळवंटांपैकी एक. काही वर्षं तिथं काहीच घडत नाही. मग एखाद्या वर्षी पुरेसा पाऊस होतो आणि वाळूत निजलेलं बी एकदम उठतं, मैलोन्‌मैल गुलाबी-जांभळं होतं. दक्षिण आफ्रिकेत नामाक्वालँडला हिवाळी पाऊस झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात नारिंगी डेझींनी जमीन झाकते. जगभरातून लोक ते पाहायला जातात. आणि आपल्याकडे, जवळपास त्याच सुमाराला, आपल्याच माळावर जे पिवळं होतं त्याच्याकडे आपण एसटीच्या खिडकीतूनही वळून बघत नाही.

मी तरवडाबद्दल बोलते आहे.

तरवड माळावर कुणी लावत नाही. जनावर तोंड लावत नाही, म्हणून तो टिकतो. साल कातडी कमावायला वापरायचे, तेवढाच त्याचा मान. पण आपल्या शहरातल्या पूर्व भागात जा. पितृ अमावास्येपासून तिथल्या घरांत तरवडाला केवढी किंमत येते ते बघा. गिरण्यांच्या काळात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाच्या बायका तिथं बतुकम्मा मांडतात. माझ्या शेजारच्या आक्का एका वर्षी मला सोबत घेऊन बसल्या. तबकात भोपळ्याची पानं अंथरली. त्यावर कुरडूच्या कणसांचा थर, देठ आत, टोकं बाहेर. काही टोकं रंगात बुडवून गुलाबी केलेली. मग तरवड. मग झेंडू. पुन्हा कुरडू. प्रत्येक थर खालच्यापेक्षा आत घ्यायचा, म्हणजे शिखर चढत जातं. शिखरावर हळदीची गौरम्मा. मी तरवडाचा थर सैल लावला, तर आक्कांनी तो काढून पुन्हा लावला. "तंगेडु घट्ट बसला नाही तर आई कलते," म्हणाल्या. नऊ दिवस फेर धरून गाणी, आणि शेवटी पाण्यात विसर्जन.

कुरडू म्हणजे शेतातलं तण. तरवड म्हणजे माळावरचं झुडूप. ज्या दोन वनस्पतींना कुंपणात जागा नाही, त्यांची देवी होते. गाव सोडून मागावर आलेल्या बायकांना आपलं माहेरचं फूल इथल्या माळावर आपोआप उगवलेलं दिसलं असेल, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. तेलंगणानं पुढे याच तंगेडूला आपलं राज्यफूल केलं. आपल्याकडे त्याचे माळ प्लॉट पाडण्यासाठी जेसीबीनं साफ होत आहेत. आक्कांच्या सुनेला आता तरवडासाठी रिक्षानं शहराबाहेर जावं लागतं. मला याचं फार वाईट वाटतं आणि हे मी या व्यासपीठावरून म्हणणार आहे: प्रत्येक वस्तीच्या आराखड्यात एक तुकडा माळ तसाच सोडला, तर काय बिघडेल?

आणि त्या फुलात काय आहे, ते तरी पाहून घ्या. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसता पराग. तोही असा बंदिस्त की परागकोशाच्या टोकाला फक्त सुईच्या अग्राएवढी भोकं. मिठाची बरणी जशी. मधमाशी येते, चाचपते आणि तिच्या हाती फारसं काही लागत नाही. मग भुंगा येतो, काळा, लाकूड पोखरणारा. तो फुलाला मिठी मारतो, पंख स्थिर ठेवतो आणि पंखांचे स्नायू तेवढे थरथरवतो. उडताना त्याचा आवाज घुंघुं असतो. फुलावर बसला की तोच आवाज एकदम चढतो, बारीक होतो. त्या कंपनानं पराग भोकांतून फवाऱ्यासारखा बाहेर पडतो. जवळचे आखूड केसर भुंग्याला खायला पराग देतात. लांब, वाकडे केसर त्याच्या पाठीकडे, जिथं त्याचे पाय पोचत नाहीत तिथं पराग टाकतात आणि तो पुढच्या फुलाला जातो. मजुरी एका खिशातून, निरोप दुसऱ्या खिशातून.

वांगं आणि टोमॅटो यांचीही अशीच भोकांची फुलं आहेत. युरोपात काचघरांत टोमॅटो लावले तेव्हा तिथं भुंगे नव्हते. मजूर हातात कंपन करणारं यंत्र घेऊन फुलाफुलाला लावत फिरायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियम-हॉलंडकडे पाळीव बंबलबीच्या पेट्या विकत मिळू लागल्या, तेव्हा ते थांबलं. आपल्या वांग्याच्या वाफ्यात हे काम कुणीही न सांगता होत आलं आहे. पडक्या वाशात, वाळल्या लाकडात भुंग्याला घर मिळतं तोवर ते होत राहील.

बतुकम्माच्या थरातला झेंडू मात्र परदेशी. मेक्सिकोचा. तिथं १ आणि २ नोव्हेंबरला पितरांच्या दिवशी याच फुलांनी कबरी सजवतात, पाकळ्यांची वाट घरापर्यंत पसरतात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो. माळावर आपण ज्याला केकताड म्हणतो ते घायपातही तिकडचंच. त्याच्या वाखाचे दोर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वळले गेले. दहा-वीस वर्षं ते नुसती पानं वाढवतं आणि मग एका हंगामात मधोमध वीस फुटांचा खांब उभा राहतो, फुलतो आणि सगळं झाड वाळून जातं. अंगातलं सगळं पाणी त्यानं त्या एका फुलोऱ्यासाठी जमवलेलं असतं.

उसाची गोष्ट उलटी. उजनीच्या पाण्यानं आपला जिल्हा उसाचा झाला, पण उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तुरा आला म्हणजे वाढ थांबली, साखर उतरणार, कांडी पोकळ पडणार. ज्या पिकाचं फूल आपल्याला नकोच असतं, त्याखाली आपलं बहुतेक पाणी गेलं. आणि ज्यांच्या फुलावर आपण पोसलो, ती बांधाबांधानं मागं सरत गेली. त्यात मला सगळ्यांत जास्त लागते ती करडई.

जुन्या रानात ज्वारीच्या कडेनं करडईचे तास असायचे. काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत. ज्वारीला कुंपण आणि घरात तेल. कोवळेपणी भाजी व्हायची. जमिनीत खोल जाणारं सोटमूळ, त्यामुळे माघ-फाल्गुनात रान भेगाळलं तरी करडई तग धरते. फूल सकाळी उघडतं तेव्हा पिवळं, कोमेजताना केशरी, मग लाल. एका बोंडात पन्नास-साठ फुलं असतात, प्रत्येक स्वतंत्र, नळीसारखं.

या फुलात दोन रंग आहेत. पिवळा भरपूर, पाण्यात विरघळणारा. लाल अगदी थोडा, शेकडा एकाहूनही कमी, आणि पाण्यात न विरघळणारा. म्हणून रंगारी आधी पाकळ्या धुऊन धुऊन पिवळा काढून टाकायचे, मग राखेच्या क्षारात लाल उतरवायचे आणि शेवटी लिंबासारखं आंबट घालून तो कापडावर बसवायचे. संस्कृतात हा कुसुंभ. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात करडईच्या फुलांच्या माळा सापडल्या. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या चीनमध्ये सेवा करता करता गेले, तिथल्या वैद्यकात ही फुलं रक्ताभिसरणासाठी देतात. जपानमध्ये यामागाता प्रांताचं हे मानाचं फूल. एके काळी मोगामी नदीतून नावांवर लादून पाकळ्यांच्या वड्या समुद्रापर्यंत आणि तिथून क्योतोला जायच्या. त्यातून रेशमाचा आणि बायकांच्या ओठांचा लाल रंग व्हायचा. तिथं ही फुलं तोडतात ती पहाटे, दवानं काटे मऊ असताना.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. कारण माझी आजी करडई काढायला जायची ती पहाटे, हातापायांना फडकी गुंडाळून, दव आहे तोवर. ऊन चढलं की काटे ताठ होतात, मग कोण हात लावतो! यामागाताच्या बाईनं आणि मोहोळच्या बाईनं एकमेकींचं नावही ऐकलं नव्हतं, पण दोघींना एकाच झाडानं एकच वेळ शिकवली होती.

करडईच्या संशोधनाचं देशातलं महत्त्वाचं काम अनेक दशकं आपल्या सोलापुरात झालं. इथून निघालेल्या वाणाचं नाव 'भीमा' आहे, आपल्या नदीचं. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्यांची करडई काढली आणि तिच्या पाकळ्यांचा चहा करून दाखवला. परागीभवन झाल्यावर वाळत्या पाकळ्या वेचल्या तर बियांचं नुकसान होत नाही; एकाच रानातून तेल आणि पाकळी दोन्ही घेता येतात. हे सगळं आपल्या हातात आहे. तरी करडईचं क्षेत्र घटत घटत आता शोधावं लागतं. स्वस्त आयातीचं तेल आहे, मजूर नाहीत, काटे आहेत. कारणं मला मान्य आहेत. पण बिनकाट्यांचा वाण असताना बांधाच्या दोन तासांपुरती तरी ती परत यावी, एवढं मी मागते. तरुण शेतकरी इथे बसले आहेत, त्यांच्याकडेच मागते.

सर गेले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात ज्वारीचं एक वाळलेलं कणीस निघालं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. घरच्यांनी ते मला दिलं. आठवीतलं तेच आहे का, ते मला सांगता येणार नाही. आज येताना ते मी बरोबर आणलं आहे, बाहेर टेबलावर भिंगासह ठेवलं आहे. दाणे झडले आहेत, पण कणिशकांच्या जोड्या अजून नीट दिसतात.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, परवावर आली आहे. तुमच्यापैकी बरेच जण रानात जाल, कडब्याच्या कोपीत पूजा होईल, आंबील प्याल. ज्यांना जमेल त्यांनी थोडं आधी निघा. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. अमावास्येचा अंधार असेल, बॅटरी न्या, अंगावर घोंगडी घ्या. तीनच्या सुमाराला उठा. कणसाला हात लावू नका, परागकोश पिचतात. उजेड बाजूनं धरा आणि थांबा. ज्यांचं रान उरलेलं नाही त्यांनी माझ्याबरोबर या, आमच्या भावाची चार एकर मालदांडी आहे. काल मी बघून आले. पिवळा पट्टा शेंड्यापासून दोन बोटं खाली आला आहे.